म्हादईच्या पुढे कोणती नदी? अनुभवी वल्हेकऱ्यांसाठी

सत्तरीचा वल्हेकरी

नमस्कार मंडळी,

गोव्यातील फोंडा आणि वाळपई भागातला आमचा एक छोटा गट आहे. पावसाळा लागला की उस्ते ते सोनाळ हा म्हादईचा साधारण दहा किलोमीटरचा टप्पा आम्ही नियमाने करतो आणि आता त्यातील प्रत्येक वळण व प्रत्येक खडक आमच्या ओळखीचा झाला आहे. कोलाडची कुंडलिका आणि गणेशगुडीची काळी नदीही करून झाली. या तिन्ही ठिकाणी पाणी ग्रेड २ ते ३ च्या आसपास राहते (ग्रेड म्हणजे खळाळत्या पाण्याच्या अवघडपणाची १ ते ६ ही पट्टी). म्हादई भर आषाढात चढली की थोडी अधिक अवघड होते, एवढाच फरक. गटातील दोघांनी वाहत्या पाण्यातील बचावाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे, उलटलेली राफ्ट सर्वांनाच सरळ करता येते आणि एक जण कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद नाव, उत्तम चालवतो.

आता ग्रेड ४ आणि त्यापुढच्या नद्यांकडे वळावे असे आम्हांला वाटते. जगातील सर्वांत खडतर नद्यांच्या याद्या इंटरनेटवर पुष्कळ आहेत, पण त्या वाचून कोणती नदी आधी करावी आणि कोणती नंतर, हे ठरवता येत नाही. अरुणाचलची सियांग आणि आफ्रिकेतील झांबेझी ही नावे एकाच यादीत शेजारी शेजारी दिलेली असतात. दोन्हींना लागणारी तयारी सारखीच असेल असे मला तरी वाटत नाही. ज्यांनी अशा नद्या प्रत्यक्ष केल्या आहेत त्यांनी क्रम सुचवावा, आणि तो तसाच का, हेही कृपया सांगावे.

काणकोणचा कयाकर

उत्तराखंड किंवा लडाखचा विचार करण्याआधी कर्नाटकातील कोडगूची बारापोळे नदी करा, असे मी आग्रहाने सांगेन. कोडगूच्या दक्षिण टोकाला ब्रह्मगिरीच्या रानातून ती खाली उतरते आणि पुढे केरळात वळपट्टणम नदीच्या पाण्यात मिसळते. जून ते सप्टेंबर हाच तिचा हंगाम असतो. वरचा टप्पा लांबीने लहान आहे, परंतु चांगल्या पाण्यात तो ग्रेड ४ पर्यंत जातो आणि त्यातील उतार इतके अरुंद आहेत की राफ्ट हातभर जरी बाजूला गेली तरी रॅपिडची, म्हणजे त्या खळाळाची, पुढची सगळी वाट बदलते. मडगावहून कोकण रेल्वेने कण्णूरला उतरून वर घाटात जाता येते, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहतो.

पाणी आपल्यासारखेच आहे, म्हणजे पावसाचे, कोमट आणि तांबूस. ज्या वातावरणाची सवय आहे त्याच वातावरणात एक पायरी वर चढता येते, हा तिचा मोठा फायदा आहे. शिवाय वळपट्टणमच्या उत्तरेला आणि दक्षिणेला पश्चिम घाटातून उतरणाऱ्या नद्यांवर पावसाळ्यात कयाकिंग चांगले चालते. कोझिकोड जिल्ह्यातील चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्यांवर दर पावसाळ्यात कयाकिंगच्या स्पर्धा भरतात आणि देशोदेशीचे कयाकर तिथे येतात. तुमच्या गटातील कयाकरला एकदा तिकडे अवश्य पाठवा.

मांडवीकाठ

मी काही हंगाम ऋषिकेशला आणि लडाखमध्ये गाईड म्हणून काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रेड हा आकडा एवढेच सांगतो की एका रॅपिडमधून नाव सरळ काढणे किती कठीण आहे. नाव उलटली तर पुढे काय होईल, याबद्दल तो मुका आहे. नदीच्या अवघडपणाची जी आंतरराष्ट्रीय पट्टी आपण सर्व जण वापरतो, तिच्या अमेरिकेतील जुन्या आवृत्तीत एक सूचना होती: पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल किंवा प्रवास दूरच्या निर्जन भागातला आणि अनेक दिवसांचा असेल, तर प्रत्येक रॅपिड एक ग्रेड वरचा समजावा. याद्या करणारे ही सूचना विसरतात आणि म्हणूनच सियांग व झांबेझी शेजारी बसतात.

झांबेझीचेच उदाहरण घ्या. व्हिक्टोरिया धबधब्याच्या खाली बटोका दरीत ग्रेड ४ आणि ५ चे रॅपिड एकामागून एक येतात आणि त्यांना नावांबरोबर क्रमांकही दिलेले आहेत. नवव्या क्रमांकाचा रॅपिड, ज्याला कमर्शियल सुइसाइड म्हणतात, तो बहुतेक सफरींत माणसे काठाने चालत ओलांडतात. तरीही ही नदी पडलेल्या माणसाला बरीच क्षमा करते. पाणी कोमट आहे, खोल आहे आणि बहुतेक रॅपिडच्या खाली शांत डोह आहे. माणूस पाण्याखाली नको तितका वेळ राहतो, पण शेवटी त्या डोहात वर येतो आणि तिथे त्याला उचलायला सेफ्टी कयाक उभी असते. दरीत मगरी आहेत आणि वर चढून यायची वाट दमवणारी आहे, हे मान्य करूनही मी असेच म्हणेन.

आता उत्तराखंडची टोन्स पाहा. रूपिन आणि सुपिन या दोन नद्या नैटवाडला एकत्र येतात आणि तिथून टोन्स हे नाव सुरू होते. पुढे ती यमुनेला मिळते आणि पाण्याच्या मानाने यमुनेच्या उपनद्यांत तीच सर्वांत मोठी आहे. मोरीच्या आसपासच्या टप्प्याला ग्रेड ३ ते ४ म्हणतात, म्हणजे कागदावर ती झांबेझीपेक्षा सोपी ठरते. प्रत्यक्षात तिथे रॅपिड सुटे सुटे येत नाहीत. एक संपण्याआधी दुसरा सुरू झालेला असतो आणि मध्ये दम घ्यायला डोह नसतो. पाणी बर्फाचे, पात्र उथळ आणि दगडगोट्यांनी भरलेले. इथे राफ्टमधून पडलेला माणूस डोहात जात नाही, तर दगडांवर आपटत पुढच्या रॅपिडमध्ये जातो आणि थंडीने बोटे आखडल्यामुळे फेकलेला दोरही त्याला नीट धरता येत नाही. मे महिन्यात पाणी दिवसभरात चढत जाते, कारण वरचा बर्फ ऊन तापल्यावर वितळतो. सकाळी काठावरून पाहून ठरवलेली वाट दुपारी तशीच असेल असे समजू नये.

म्हणून नदी निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: या रॅपिडच्या खाली काय आहे? दुसरा प्रश्न असतो, नदी सोडून द्यायची वेळ आली तर वर रस्ता कुठे आहे? ग्रेडचा आकडा मी त्यानंतर विचारतो.

तुमच्या गटाबद्दल मला खरोखर विश्वास वाटतो, कारण म्हादईने तुम्हांला दोन गोष्टी अशा शिकवल्या आहेत ज्या हिमालयात शिकलेल्या अनेकांना येत नाहीत. वर चोर्ल्याच्या आणि खानापूरच्या रानात पाऊस कोसळला की उस्त्याला आभाळ कोरडे असतानाही पाणी चढते. काठावरच्या ओल्या रेषेवर आणि वाहून येणाऱ्या काटक्यांवर नजर ठेवायची सवय तुम्हांला आपोआप लागली असणार. दुसरी गोष्ट झाडांची. आपल्या नद्या पावसात काठावरच्या रानात शिरतात आणि बुडालेल्या बांबूच्या बेटांतून पाणी गाळणीतून गेल्यासारखे निघून जाते, माणूस मात्र अडकून राहतो. अशा जागी काही गाईड इतके उशिरा सावध होतात की काळजाचा ठोका चुकतो. याउलट थंड पाणी, प्रचंड पाणी आणि अनेक दिवसांच्या सामानाने जड झालेली राफ्ट यांचा अनुभव आपल्याकडे कुठेच मिळत नाही. पुढच्या नद्या हे तीन अनुभव एकेक करून देणाऱ्या असाव्यात, तिन्ही एकदम देणाऱ्या नसाव्यात.

नदीवेडी

दादा, तुमचे लिखाण फार उपयोगी पडले. माझा एक प्रश्न आहे. झांस्कर नदी ग्रेड ३ ते ४ ची सांगतात आणि तिच्या सफरी अनेक दिवसांच्या असतात. तुमच्या हिशेबाने ती ऋषिकेशच्या गंगेनंतर यावी की टोन्सनंतर? आणि गंगेवरचा वॉल हा रॅपिड आता अनुभवी लोकांसाठी फारसा अवघड राहिलेला नाही असे ऐकते, ते कितपत खरे आहे?

मांडवीकाठ

ताई, वॉलला कोणी सोपा म्हणत असेल तर त्याने तो कमी पाण्यात पाहिला असावा. कौडियालाच्या खाली नदी वळते आणि सगळा प्रवाह खडकाच्या भिंतीवर जाऊन आपटतो. भिंतीशी पाणी उशीसारखे फुगते आणि वर येताना राफ्टची एक बाजू उचलते. तेवढ्याच वेळात प्रवाह राफ्टच्या दुसऱ्या बाजूच्या हवा भरलेल्या नळीवर चढून ती खाली दाबतो. गाईडने ‘हाय साईड’ असे ओरडताच सर्वांनी वल्हे हातात ठेवून उचललेल्या बाजूवर, म्हणजे भिंतीकडच्या बाजूवर, अंग टाकायचे असते. माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती खडकापासून दूर सरकण्याची असते आणि नेमकी तीच राफ्ट उलटवते. ही एक हालचाल तुमच्या गटाकडून न सांगता होईपर्यंत काठाजवळच्या पाण्यात घोटून घ्या. गंगेवर तिचा उपयोग आहेच, पण पुढच्या प्रत्येक नदीवर तिच्याहून अधिक उपयोगी काहीही नाही. भर पावसाळ्यात, जुलै आणि ऑगस्टमध्ये, ऋषिकेशचे राफ्टिंग बंद असते. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास पाणी भरपूर असते. मोठ्या पाण्याची पहिली ओळख तिथेच करून घ्यावी.

झांस्कर मी टोन्सच्या आधी ठेवीन, परंतु एका अटीवर. तिचे रॅपिड टोन्सपेक्षा सुटसुटीत आहेत. अडचण आहे ती दरीची आणि थंडीची. पदुमजवळ दोन नद्या मिळून झांस्कर होते आणि निम्मूला ती सिंधूत उतरते. मधल्या भागात दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत आणि सारा प्रवास समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर होतो. पूर्वी त्या दरीत शिरल्यावर नदी हाच बाहेर पडायचा मार्ग होता. निम्मू–पदुम–दारचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेल्यापासून ही स्थिती काहीशी बदलली आहे. तरी नदी आणि रस्ता यांमध्ये कडा असेल तिथे रस्त्याचा उपयोग नसतो.

अट अशी की प्रत्येकाकडे चांगला वेटसूट (ओल्यातही ऊब धरणारा पोशाख), आणि शक्य असल्यास ड्रायसूट (पाणी आत न येणारा पोशाख), असलाच पाहिजे. थंड पाण्याबद्दल बचावकर्ते एक-दहा-एक असा हिशेब सांगतात. पाण्यात पडल्यावर पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जाते, त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपण्याला सुमारे एक तास लागतो. लोकांना तासाची भीती वाटते, वस्तुतः काळजी करायची ती त्या दहा मिनिटांची. लेहमध्ये पोचल्यावर विरळ हवेची सवय व्हायला सुरुवातीचे दिवस विश्रांतीसाठी राखून ठेवावेत. लगेच वल्हे हातात घेऊ नये.

काणकोणचा कयाकर

वरील बहुतेक मतांशी मी सहमत आहे, पण सियांग अगदी शेवटी ठेवू नये, असे मला वाटते. तिबेटातील यार्लुंग त्सांगपो मोठे वळण घेऊन अरुणाचलात उतरते ती सियांग. तुतिंग ते पासीघाट हा साधारण १८० किलोमीटरचा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत करतात आणि त्या काळातसुद्धा तिच्यात असलेले पाणी पाहून आपल्याकडचा माणूस थक्क होतो. रॅपिड रुंद आहेत, लाटा उंच आहेत, खडक मात्र बहुतेक ठिकाणी खोल गेलेले आहेत. मधे डोहही लांबलचक आहेत. म्हणजे मांडवीकाठ यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सियांगवर समाधानकारक आहे. पाणीही झांस्करइतके थंड नसते. भारतात एवढ्या मोठ्या पाण्यावर वल्हवायची संधी दुसरीकडे नाही, आणि ती पुढे किती काळ राहील हेही सांगता येत नाही.

आपल्याला अरुणाचलासाठी इनर लाईन परमिट, म्हणजे प्रवेशाचा परवाना, लागतो. तो आधी काढावा.

मांडवीकाठ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आहे, दुसऱ्याचे नाही. सियांगवर भोवरे आणि एडी रेषा (मुख्य प्रवाह आणि काठचे उलटे फिरणारे पाणी यांमधल्या सीमा) इतक्या बलवान आहेत की राफ्ट सरळ राहूनही माणूस खाली ओढला जातो, आणि वर येईपर्यंत तो राफ्टपासून फार लांब गेलेला असतो. तिथे एकच राफ्ट घेऊन जाणे मला मुळीच मान्य नाही. किमान दोन राफ्ट आणि त्यांच्या पुढे-मागे सेफ्टी कयाक, एवढे असेल तरच जावे.

त्या नदीच्या वरच्या अंगाला काय चालले आहे हे आपल्याला इथून दिसत नाही, हाही भाग आहे. जून २००० मध्ये तिबेटातील यिगाँग येथे दरड कोसळून तयार झालेला बांध फुटला आणि त्याचे पाणी अरुणाचलात शिरून मोठी हानी झाली. ऑक्टोबर २०१८ मध्येही यार्लुंग त्सांगपोवर दरडीने तसाच बांध घातला होता आणि खालच्या गावांना सावधगिरीचा इशारा द्यावा लागला होता. राफ्टिंगचा हंगाम पावसाळ्यानंतरचा असला तरी सियांगच्या काठी तळ ठोकताना तो वाळूच्या अगदी कडेला ठोकू नये आणि प्रशासनाच्या सूचनांवर रोज लक्ष ठेवावे. या कारणांमुळे मी ती टोन्सनंतरच ठेवतो. तुम्ही ती कधीच करू नये असे मी म्हणत नाही. उलट, प्रत्येक गंभीर वल्हेकऱ्याने एकदा ती करावी असेच माझे मत आहे.

नदीवेडी

नदी किती काळ राहील, हा मुद्दा आला आहे म्हणून लिहिते. क्रम ठरवताना धरणांकडेही पाहावे लागेल. युगांडातील व्हाइट नाईलचे बुजागली येथील प्रसिद्ध रॅपिड २०११-१२ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेले. सिक्कीम आणि दार्जिलिंगकडच्या तिस्तेवर धरणे झाली, आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटून आलेल्या पुराने चुंगथांगचे धरणही वाहून नेले. तिथल्या जुन्या माहितीवर विसंबून जाणे आता धोक्याचे आहे. झांबेझीच्या बटोका दरीत मोठ्या धरणाचा प्रस्ताव आहे आणि वरच्या सियांगवरही तसाच प्रकल्प मांडला गेला आहे. ज्यांना या दोन नद्या करायच्या आहेत त्यांनी फार वर्षे वाट पाहू नये.

आणि म्हादईचे काय? २०१८ च्या जलतंटा लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी मंजूर झाले. कळसा आणि भांडुरा या ओढ्यांतून पाणी वळवण्याची योजना पूर्ण झाली तर सत्तरीच्या शेतीचे आणि रानाचे नुकसान सर्वांत मोठे असेल, हे मी जाणते. पण पावसाळ्यातील पाणीही बदलले तर गोव्यात वल्हवायला शिकायची ही एकमेव मोठी जागाही पूर्वीसारखी राहणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. जे पाणी आज आहे ते आपण मोजून ठेवावे. उस्त्याला आणि सोनाळला खडकावर खुणा करून दर पावसाळ्यातील पातळी तारखेसह लिहून ठेवली तर वल्हेकऱ्यांना तिचा उपयोग होईलच, शिवाय नदीसाठी भांडणाऱ्यांनाही होईल.

सत्तरीचा वल्हेकरी

सर्वांचे आभार. आमच्या गटाने यावर बसून चर्चा केली. येत्या पावसाळ्यात बारापोळे, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये गंगेवर कौडियालापासूनचा टप्पा, लडाखच्या पुढच्या उन्हाळ्याअखेरीस झांस्कर आणि त्यानंतरच्या मे महिन्यात टोन्स, असे ठरते आहे. सियांग आणि झांबेझी त्यानंतर. पातळीच्या खुणांचे काम आम्ही या जूनपासूनच सुरू करतो.

दोन शंका आहेत. झांस्करसारख्या सफरीत मधोमध चौकट बसवून एका माणसाने दोन लांब वल्ह्यांनी चालवायची सामानाची राफ्ट असते. आमच्यापैकी कोणालाही ती येत नाही. ती शिकण्यासाठी काय करावे? आणि अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनचा विचार आमच्यासारख्यांनी करावा का?

मांडवीकाठ

क्रम मला पसंत आहे.

चौकटीची राफ्ट चालवताना मूळ विचार उलटा असतो. सहा जण वल्हवतात तेव्हा आपण राफ्टला प्रवाहापेक्षा वेगाने पुढे काढतो आणि हव्या त्या वाटेत घालतो. लांब वल्ह्यांवर बसलेला माणूस राफ्टचे तोंड धोक्याकडे करून, प्रवाहाशी कोन धरून, मागे ओढतो. त्यामुळे राफ्ट प्रवाहापेक्षा हळू जाते, आडवी सरकायला वेळ मिळतो आणि समोरचे सगळे डोळ्यांपुढे राहते. वल्हे ओढायची ताकद हातांत नसून पाठीत आणि पायांत असते. याचा सराव म्हादईवर पाणी उतरल्यावर, चवथीच्या सुमारास, सोनाळच्या वरच्या संथ भागात उत्तम करता येईल. राफ्टमध्ये पाण्याचे भरलेले कॅन बांधून ती मुद्दाम जड करा. हलकी राफ्ट वळवता आली म्हणजे जड राफ्ट वळवता येईल असे अजिबात नाही. तिला वळण्याचा विचार निदान तीन राफ्टच्या लांबीइतका आधी सुरू करावा लागतो.

त्याच सरावात दोर आणि कप्प्यांची तीन-एकाची जोडणी, म्हणजे ओढ साधारण तिप्पट करणारी, हीही करून बघा. राफ्ट खडकावर गुंडाळली गेली की माणसांच्या ताकदीने ती हलत नाही, कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. आधी राफ्टमधील पाणी बाहेर कसे पडेल ते पाहावे आणि मग खडकाच्या ज्या बाजूने प्रवाहाचा जोर अधिक आहे त्या बाजूला ती ओढावी, म्हणजे उरलेले काम नदीच करते. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, आणि दोरावर मधोमध एखादे ओले लाईफ जॅकेट अडकवावे, म्हणजे दोर तुटला तरी उसळून अंगावर येत नाही.

ग्रँड कॅन्यनचा विचार अवश्य करा, पण अर्ज आताच करा. खाजगी गटांना परवाना सोडतीने मिळतो आणि तो लवकर मिळेलच असे नाही. लीज फेरीपासून डायमंड क्रीकपर्यंत २२६ मैल, म्हणजे सुमारे ३६४ किलोमीटर अंतर आहे. तिथे रॅपिडची श्रेणी १ ते १० अशा वेगळ्या पट्टीवर मोजतात, म्हणून तिथल्या लाव्हा फॉल्स या रॅपिडसमोरचा आकडा वाचून घाबरू नका. पाणी वरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या जलाशयातून, खोलवरून येते, त्यामुळे बाहेर वाळवंटाचे ऊन असतानाही नदी थंडगार असते. धरणाचा विसर्ग एरवी ५,००० ते २५,००० क्युसेकच्या दरम्यान बदलत राहतो आणि त्याबरोबर प्रत्येक रॅपिडची वाटही बदलते. क्रिस्टल रॅपिड तर १९६६ च्या एका पुरात बाजूच्या ओढ्याने दगड आणून टाकल्यामुळे एकदम खडतर झाला. झांस्कर आणि टोन्स झाल्यावर तुमच्याकडे थंड पाण्याचा आणि जड राफ्टचा असे दोन्ही अनुभव असतील, तेव्हा ही नदी तुम्हांला झेपेल.

बारापोळेच्या सफरीला तुम्ही दोन राफ्ट नेणार असाल तर तुमची एक कयाक पुरणार नाही. काणकोणच्या कयाकरांना जुलैत सवड आहे का, ते विचारा.

काणकोणचा कयाकर

सवड आहे. तारखा कळवा, मी कण्णूरला भेटतो.